पापुद्र्यावरचे रंग

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यान)



सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाला मी एक वाटी साबणाचे पाणी आणि एक काचेची बांगडी घेऊन आलो आहे. सरांच्या तासाला बसलेल्यांना ही सामग्री ओळखीची वाटेल. आम्ही आठवीत होतो. सरांनी बांगडी साबणाच्या पाण्यात बुडवली, अलगद वर काढली आणि उभी धरली. मागे फळ्याचा काळा भाग होता, समोरच्या खिडकीतून सकाळचा उजेड येत होता. "वरून खाली कोणते रंग दिसतात, ते क्रमाने लिहा," एवढेच ते म्हणाले. आम्ही लिहीत होतो आणि लिहिता लिहिता रंग खाली सरकत होते. थोड्या वेळाने बांगडीच्या वरच्या कडेला काळी पट्टी उमटली. तिथला पापुद्रा फाटून गेला, अशी आमची सगळ्यांची खात्री झाली. सरांनी त्या काळ्या जागी टाचणी लावली, आणि फट्कन सगळा पापुद्रा फुटला. म्हणजे तोवर तो तिथे होता!

साबणाच्या पाण्यात रंग आला कुठून, असे आम्ही विचारले. सरांनी उत्तर दिले नाही. फळ्यावर एक प्रश्न लिहिला : "या पापुद्र्याची जाडी किती?" आम्ही रंगाचे विचारले आणि सर जाडीचे विचारतात, हे तेव्हा कोड्यासारखे वाटले. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. आज तेवढेच सांगायला मी उभा आहे. पातळ पापुद्र्यावरचा रंग म्हणजे त्याच्या जाडीची बातमी असते. ती वाचता आली, तर आपले साधे डोळे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक गोष्ट मोजू शकतात.

रंगाचे दोन उगम आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. हळद, कुंकू, नीळ यांच्यात रंगद्रव्य असते. ते उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे परत पाठवते. हळकुंड कुटा, उगाळा, पाण्यात कालवा, पिवळेपण जात नाही. दुसरा उगम इंद्रधनुष्याचा. पावसाच्या थेंबात शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येक रंग वेगवेगळ्या प्रमाणात वळतो आणि पांढरा उजेड उलगडला जातो. साबणाचा पापुद्रा या दोन्हींत बसत नाही. वाटीतल्या पाण्याला रंग नाही, म्हणजे रंगद्रव्य नाही. आणि पापुद्र्यावर दिसतो तो राणी रंग इंद्रधनुष्यात शोधून सापडत नाही. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळी पट्टी पाहा, साडीच्या दुकानात हमखास मिळणारी ती राणी छटा तिच्यात नाही. मग साबणाच्या पाण्याला ती कशी साधते? हा प्रश्न मनात असू द्या. त्याच्या उत्तरात सगळे गुपित आहे.

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ निघाला. सूक्ष्मदर्शकाखालच्या माशा-पिसवांच्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्यात अभ्रकावरही एक प्रकरण आहे. अभ्रकाची पाने सुटी होतात, एकाची दोन, दोनाची चार. जाड पान रंगहीन, पण सोलत सोलत एका विशिष्ट पातळपणाला पोचले की त्यावर रंग उमटतात. साबणाच्या फुग्यावर आणि दोन काचांमध्ये दाबलेल्या हवेतही तेच रंग हुक यांना दिसले. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठभागावरून एक परावर्तन येते, खालच्या पृष्ठभागावरून दुसरे, आणि ही जोडी डोळ्यात एकत्र पोचल्याने रंग होतो, इथवर त्यांचा तर्क गेला होता. अडले ते मोजमापाशी. कोणत्या जाडीला कोणता रंग, हे ठरवायची खटपट आपण केली, पण ही पाने इतकी पातळ आहेत की ते जमले नाही, असे त्यांनी त्याच ग्रंथात मोकळेपणाने लिहून ठेवले. सरांनी फळ्यावर लिहिलेला प्रश्न असा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे.

तो सोडवला न्यूटन यांनी. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की ऐकून आनंद व्हावा. पातळ पापुद्रा मोजता येत नसेल, तर आपल्याला जाडी आधीच ठाऊक असेल असा पापुद्रा तयार करायचा. त्यांनी दुर्बिणीची दोन भिंगे घेतली, एक चौदा फुटी दुर्बिणीचे आणि दुसरे सुमारे पन्नास फुटी दुर्बिणीचे. अशा भिंगांचा फुगवटा अगदी नकळत असतो. एकावर एक ठेवली की ती मध्यावर टेकतात आणि तिथून बाहेरच्या बाजूला हवेची फट हळूहळू रुंदावत जाते. हा झाला हवेचा पापुद्रा. मध्यापासून किती अंतरावर फट किती, हे भूमितीतून काढता येते. समजा, १० मीटर त्रिज्येचा फुगवटा असलेले भिंग सपाट काचेवर ठेवले. मध्यापासून १.७ मिलिमीटर अंतरावर फट भरते सुमारे १४५ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १.७ मिलिमीटर आपण पट्टीने मोजू शकतो. म्हणजे पट्टीने मोजलेल्या अंतरातून दृष्टीच्या पलीकडची जाडी हाती येते.

भिंगांच्या त्या फटीत न्यूटन यांना एकात एक रंगीत वलये दिसली. मधोमध काळा ठिपका, मग उजळ वलय, मग काळे, पुन्हा उजळ. त्यांनी वलयांचे व्यास मोजले आणि फटीच्या जाडीचा हिशेब मांडला. उजळ वलयांपाशी जाडी १, ३, ५, ७ या विषम पटीत आणि काळ्यांपाशी ०, २, ४, ६ या सम पटीत निघाली. पिवळ्याच्या आसपासच्या उजेडासाठी यातले मूळ एकक त्यांनी काढले : इंचाचा १,७८,००० वा भाग. आपल्या मापात तो १४३ नॅनोमीटर होतो. त्याची चौपट केली की ५७१ नॅनोमीटर, आणि पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी आज आपण जवळपास तेवढीच मानतो. १७०४ साली 'ऑप्टिक्स' छापले गेले तेव्हा त्यात हे आकडे होते. न्यूटन प्रकाशाला कणांचा प्रवाह मानत. या कणांना ठरावीक अंतराने कधी परतण्याची आणि कधी पार जाण्याची लहर येते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढे ते टिकले नाही. मोजमाप मात्र टिकले, आणि शंभर वर्षांनी नव्या सिद्धान्ताचा पाया त्याच मोजमापावर रचला गेला.

तो रचणारे थॉमस यंग व्यवसायाने डॉक्टर. १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना त्यांनी प्रकाश हा तरंग मानला आणि न्यूटन यांच्याच आकड्यांवरून निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांबी काढून दाखवल्या. विहिरीत दोन खडे टाकले की लाटांची दोन चक्रे एकमेकांत शिरतात. जिथे उंचवट्याशी उंचवटा जुळतो तिथे पाणी दुप्पट उचलते, जिथे उंचवट्यावर खळगा येतो तिथे पाणी शांत राहते. प्रकाशाच्या अशा मिलाफाला आपण व्यतिकरण म्हणतो. पापुद्र्यावर पडलेल्या उजेडाचा थोडासा अंश वरच्या पृष्ठभागावरून परततो. बाकीचा आत शिरतो, त्यातलाही थोडा अंश खालच्या पृष्ठभागावरून मागे येतो. या दुसऱ्याला पापुद्र्याच्या आतून जाण्यायेण्याचा फेरा पडतो आणि तेवढा तो मागे राहतो. दोघे बाहेर भेटतात तेव्हा एकमेकांना साथ देतात किंवा एकमेकांना पुसून टाकतात. कोणत्या रंगाचे काय होणार, ते त्या फेऱ्याची लांबी ठरवते, म्हणजे जाडी ठरवते.

इथे एक अडचण येते. भिंगे टेकतात तिथे फट शून्य, मग फेराही शून्य. दोन्ही परावर्तने बरोबरीने निघाली असतील तर तो ठिपका सगळ्यांत उजळ दिसायला हवा. तो काळा का? यंग यांचे उत्तर समजायला भिंतीच्या कडीला दोरी बांधून झटका देऊन पाहा. लहर कडीपर्यंत जाते आणि उलटी होऊन परत येते. दोरीचे टोक मोकळे असेल तर ती सुलटीच परतते. प्रकाशाचेही असेच आहे. विरळ माध्यमातून घन माध्यमावर आपटून परतताना तो उलटतो, घनातून विरळावर आपटून परतताना उलटत नाही. म्हणून हवेच्या फटीत किंवा साबणाच्या पापुद्र्यात दोन परावर्तनांपैकी एकच उलटते. जाडी शून्याजवळ गेली की एक सुलटे, एक उलटे, आणि दोघे मिळून अंधार. यंग यांनी हे केवळ सांगितले नाही, पडताळून दाखवले. त्यांनी दोन वेगळ्या जातींच्या काचा घेतल्या आणि मध्ये सॅसाफ्रास झाडाचे तेल भरले. या तेलाची प्रकाशीय घनता एका काचेहून जास्त आणि दुसरीहून कमी. आता दोन्ही परावर्तने सारखीच वागणार, म्हणजे मधला ठिपका उजळ व्हायला हवा. तो उजळ झाला.

आता बांगडीकडे वळू. साबणाच्या पाण्यात प्रकाश हवेतल्यापेक्षा १.३३ पट सावकाश जातो, म्हणून फेऱ्याची लांबी जाडीच्या दुपटीला १.३३ ने गुणून धरायची. जाडी २०० नॅनोमीटर असेल तर फेरा ५३२ नॅनोमीटरचा. ही हिरव्या प्रकाशाची पूर्ण एक तरंगलांबी आहे. एक परावर्तन उलटलेले असल्याने तिथे हिरवा नेमका पुसला जातो. पांढऱ्यातून हिरवा गेला की तांबडा आणि निळा उरतात. त्यांची बेरीज म्हणजेच तो राणी रंग! इंद्रधनुष्य पांढऱ्यातला एकेक रंग सुटा करून दाखवते. पापुद्रा पांढऱ्यातून एखादा रंग काढून घेतो आणि उरलेल्यांची मिसळ आपल्यासमोर धरतो. म्हणून त्याचे रंग आकाशातल्या रंगांहून वेगळे. जाडी १६५ च्या आसपास असली की निळा जातो आणि पिवळा दिसतो. २४० ला तांबडा जातो, निळा दिसतो. ३०० ला हिरव्याला साथ मिळते. १०० च्या आसपास बहुतेक सगळे रंग थोडेफार परततात आणि पापुद्रा चंदेरी दिसतो. त्याहून पातळ झाला की काळा.

बांगडी उभी धरली की पाणी खाली ओघळते आणि पापुद्रा वरून पातळ होत जातो. आम्ही वहीत रंगांची यादी म्हणून जे लिहिले, ती खरे तर उंचीनुसार जाडीची नोंद होती. काळी पट्टी दिसते तेव्हा पापुद्रा काही दहा नॅनोमीटरवर आलेला असतो. अगदी शेवटच्या अवस्थेत तो सुमारे पाच नॅनोमीटर उरतो : साबणाच्या रेणूंच्या दोन रांगा पाठीला पाठ लावल्यासारख्या उभ्या, मध्ये पाण्याचा नावापुरता थर. सरांच्या टाचणीने जे फोडले, ते रेणूंच्या मापाचे होते. शाळेच्या वर्गात, भिंगाशिवाय, आम्ही रेणूच्या उंबरठ्यावर उभे होतो.

एक शंका तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग आहेत, तिच्यावर रंग का नाहीत? काच तीन-चार मिलिमीटर जाड असते. तेवढ्या फेऱ्यात तांबड्याच्या दहा हजारांहून जास्त लाटा बसतात, निळ्याच्या आणखी जास्त. तरंगलांबीत अगदी किंचित फरक पडला की पुसणे आणि साथ देणे आलटून पालटून येते. डोळ्याला सगळ्याची सरसकट बेरीज दिसते, म्हणजे पांढरा. बांगडीच्या खालच्या भागातही, जिथे पापुद्रा जाड असतो, रंग फिके गुलाबी-हिरवे होत होत विरून जातात. आणखी एक शंका : पुसलेला प्रकाश जातो कुठे? तो नाश पावत नाही, पापुद्र्यातून पलीकडे जातो. पापुद्र्याच्या दुसऱ्या बाजूने पाहिले तर पूरक रंगाची फिकट छटा दिसते. न्यूटन यांनी तीही नोंदवली आहे.

हे ज्ञान ग्रंथांत येण्याच्या कितीतरी आधी लोहाराच्या डोळ्यात होते. लहानपणी बाजाराच्या दिवशी मी लोहाराच्या भात्याजवळ तासन्तास उभा राहत असे. छिन्नी लाल तापवून पाण्यात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून पाणी दिल्यावर लोहार तिचे तोंड घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हळूहळू तापवतो. घासलेल्या पोलादावर रंग चढू लागतात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग धारेशी पोचला की पुन्हा पाण्यात. पिवळा येतो साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. कापायच्या कडक हत्याराला पिवळा पुरे, घाव सोसायच्या छिन्नीला जांभळा, लवचीक स्प्रिंगला निळा. पोलादाचा रंग बदलतो असे आपल्याला वाटते, पण वर चढत असतो लोहाच्या ऑक्साइडचा पापुद्रा. तापमान जसे वाढते तसा तो जाड होतो, आणि जाडीबरोबर रंग पालटतो. इथे खाली धातू असल्याने हिशेब साबणाच्या पापुद्र्याहून वेगळा पडतो, तत्त्व तेच. तापमापी नसलेल्या त्या माणसाने रंगावरून जाडी आणि जाडीवरून उष्णता वाचली होती. त्याच्या हातचा कोयता वर्षानुवर्षे टिकायचा तो या वाचनामुळे. स्टीलचे पातेले जास्त तापले की त्यावर उमटणारे इंद्रधनुषी डागही याच घराण्यातले.

रंग ही मोजपट्टी आहे, हे प्रयोगशाळेत शब्दशः खरे करून दाखवले कॅथरिन ब्लॉजेट यांनी. केंब्रिज विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल १९२६. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत त्यांनी काच पाण्यात बुडवून-काढून तिच्यावर एकेका रेणूएवढे थर चढवण्याची रीत बसवली. प्रत्येक थर अडीच नॅनोमीटरच्या आतबाहेर. थर मोजून चढवले की कोणत्या जाडीला कोणता रंग, हे नक्की होते. अशा पायऱ्यापायऱ्यांच्या रंगीत काचेशी ताडून कोणत्याही पातळ थराची जाडी नुसत्या नजरेने सांगता येई. हुक यांना जे हवे होते, ते पावणेतीनशे वर्षांनी त्यांच्या हाती पोचावे असे हे साधन!

त्याच कामातून त्यांनी १९३८ साली एक नवल केले. काचेवर असे चव्वेचाळीस थर चढवले. पापुद्र्याची प्रकाशीय घनता हवा आणि काच यांच्या मधली, म्हणजे यंग यांच्या तेलासारखी स्थिती. दोन्ही परावर्तने उलटतात, म्हणून फेरा अर्ध्या तरंगलांबीचा झाला, म्हणजे जाडी पाव तरंगलांबीएवढी झाली, की ती एकमेकांना पुसतात. काच चमकायची थांबली आणि पलीकडचे जास्त स्पष्ट दिसू लागले. तीन वर्षे आधी जर्मनीत झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत असाच थर बसवला होता. तुमच्या चष्म्यावर आणि फोनच्या कॅमेऱ्यावर दिसणारी हिरवट-जांभळी झाक हा त्याच कामाचा वारसा आहे. पुसायचा प्रकाश पुसून झाल्यावर उरलेली ती बाकी.

आणि आता छतांकडे पाहा. सौर पट्ट्या काळसर निळ्या का दिसतात? सिलिकॉन उघडे ठेवले तर ते अंगावर पडलेल्या प्रकाशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग परत फेकते. म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटरचा पापुद्रा देतात. नारिंगी-तांबड्याच्या आसपासचे परावर्तन पुसले जाते, तो प्रकाश आत जाऊन वीज करतो, आणि थोडा निळा बाहेर येतो. शेतातल्या सौर पंपापाशी दिसणारी ती निळाई बांगडीवरच्या निळ्याची सख्खी बहीण.

निसर्गानेही ही कला हाताळली आहे. आपल्या खिडकीत घुमणाऱ्या पारव्याची मान पाहा. तो मान वळवतो तसा हिरवा जांभळा होतो आणि जांभळा हिरवा. पिसाच्या बारीक तंतूंवर पाचशे नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे केराटिनचे पारदर्शक आवरण असते, तोच पापुद्रा. तिरपे पाहिले की दोन परावर्तनांतला फरक घटतो आणि साथ मिळणारा रंग कमी तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्याच्या दिशेला सरकतो. पाचशेची नोट तिरपी करून पाहा. तिच्यातला धागा हिरव्याचा निळा होतो, त्याच दिशेने. शिंपल्याच्या आतल्या झळाळीत असे थर शेकड्यांनी रचलेले असतात. १९३० च्या दशकात बंगळुरात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या शिंपल्यांचा बारकाईने अभ्यास केला. नोबेल मिळाल्यानंतरही त्यांना शिंपल्यातला रंग का दिसतो, हे विचारावेसे वाटले, याचे मला फार मोल वाटते.

पापुद्र्यावर पापुद्रा रचत गेले तर परावर्तन पुसण्याऐवजी वाढवताही येते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचे आरसे असेच असतात. दोन प्रकारच्या ऑक्साइडचे थर आलटून पालटून, प्रत्येक साधारण पाव तरंगलांबीचा, म्हणजे सगळी परावर्तने एकमेकांना साथ देत परततात. आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहायच्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तिथेही असे आरसे लागतील. तिथे मोजायचे अंतर अणूच्या केंद्रकाहूनही लहान आहे, आणि मोजण्याची रीत काय? प्रकाशाचे दोन भाग करायचे, वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे, पुन्हा भेटवायचे, आणि ते साथ देतात की पुसतात ते पाहायचे. साबणाचा पापुद्रा हेच करत असतो.

आता दिवे थोडे मंद करायला सांगतो आणि ही बांगडी वाटीत बुडवतो. पुढच्या रांगेतल्या मुलांनी जवळ यावे. वरचा पट्टा पिवळा आहे, म्हणजे तिथे साधारण १६५. आता चंदेरी झाला : १००. फुंकर घालू नका, थांबा. काळा येऊ द्या.

आला. आठवीच्या वर्गात आम्हाला वाटले होते की इथे काही उरलेले नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की इथे पाणी आहे, साबणाचे रेणू आहेत, आणि दोन परावर्तने एकमेकांना पुसत आहेत. सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला. या काळ्या पट्टीची जाडी काही दहा नॅनोमीटर, आणि ती आम्ही डोळ्यांनी मोजली.

टाचणी मी आणलेली नाही. हा पापुद्रा आपणहून फुटेपर्यंत आपण सगळे मिळून पाहू या.